डोंगरावरच्या दोन टिकल्या

एकदा एक वृद्ध तांडेल आपल्या पडवीत जाळे विणत बसले होते, तेव्हा शहरातून आलेली एक तरुणी पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "मला समुद्र शिकायचा आहे."

तांडेल म्हणजे नावेचा म्होरक्या. कोकणच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात या म्हाताऱ्याने पन्नास वर्षे नाव हाकली होती. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून ते पाण्यात जात नसत. पण वारा कधी फिरेल, भरती कुठवर चढेल, हे विचारायला गाव अजून त्यांच्याच पडवीत येई. सगळे त्यांना आबा म्हणत.

आबांनी वर पाहिले. "समुद्र शिकायला किती दिवसांची रजा काढून आलीस?"

"नऊ महिन्यांची."

"मग भरती-ओहोटी तरी शिकशील," आबा म्हणाले आणि त्यांनी सुनेला हाक मारून आणखी एक कप चहा टाकायला सांगितला.

ती राहिली ती त्यांच्याच घरी. गाव तिला तोंडावर मॅडम म्हणे आणि पाठीमागे ‘आबांची शिष्या’. तिला दोन्ही ऐकू येत असे आणि दुसरे नाव तिला अधिक आवडत असे.

तिचे काम मोठे जबाबदारीचे होते. गावासमोरच्या समुद्रात, वल्हवत गेले तर पाऊण तासावर, पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत. वरून पाहणाऱ्याला ते दगड वाटतात. पण ते जिवंत असतात. मोहरीएवढ्या जिवांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली घरे एकमेकांवर रचून ते उभे केलेले असतात. बोटभर वाढायला त्यांना वर्ष-दोन वर्षे लागतात, मोडायला एक धक्का पुरतो. त्यांच्या कपारींत मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात. सरकारने तो भाग संरक्षित म्हणून जाहीर केला होता. पण जाहीर करणे वेगळे आणि सांभाळणे वेगळे. मासेमारी कुठे पूर्ण बंद ठेवायची, कुठे चालू द्यायची, जाळी कुठवर, पर्यटकांच्या बोटी कुठवर, नांगर कुठे पडता कामा नये, हे सारे ठरवून लिहायचे होते. तो आराखडा तिला करायचा होता.

तिने पुष्कळ बुड्या मारल्या, खडकन्‌खडक मोजला. आणि मनाशी एक गोष्ट पक्की केली. बंद खोलीत बसून गावाच्या समुद्रावर रेघा मारायच्या नाहीत. आधी माणसांना विचारायचे.

म्हणून आठव्या महिन्यात तिने मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात गाव बोलावला. दोन टेबले जोडून त्यावर मोठा नकाशा पसरला. एका बाजूला जमीन होती, डोंगर, देऊळ, शाळा, घरे. आणि दुसऱ्या बाजूला निळा समुद्र. गावातल्या दुकानातून तिने लाल टिकल्यांची सहा पाकिटे आणली होती. दुकानदारीण म्हणाली होती, "मॅडम, लगीन कोणाचा?"

सभा भरल्यावर ती उभी राहिली. "तुम्ही मासे कुठे धरता? तिथे प्रत्येकाने एक टिकली लावा. जिथे टिकली लागेल ती जागा मी बंद करणार नाही. माझा शब्द आहे."

माणसे एकमेकांकडे पाहत राहिली. मग बाबी उठला. त्याची यंत्राची मोठी नाव होती आणि त्याहून मोठे जाळे. त्याने खोल समुद्रात टिकली लावली आणि मिशीवरून हात फिरवत जागेवर बसला. त्याच्या मागून एकेक जण आला. वल्हवायच्या लहान होड्यांतून गळाने मासे धरणारे सातजण होते, तेही आले. त्यांच्यात लवू होता. त्याच्या छातीत जुने दुखणे होते. दहा-बारा मिनिटे सलग वल्हवले की त्याला धाप लागे आणि होडी तशीच तरंगत ठेवून तो थांबे. लवूने नकाशाच्या पार दूरच्या टोकाला, जिथे निळा रंग काळसर होतो तिथे, आपली टिकली दाबून बसवली.

शेवटी आबा उठले. काठी टेकत टेबलापर्यंत आले. त्यांनी टिकली घेतली आणि ती समुद्रात न लावता सरळ डोंगरावर लावली. डोंगरमाथ्यावर सातविणीचे एकुलते एक उंच झाड आहे, त्याच्यावर.

सभा खदखदून हसली.

"आबा, डोंगरार मासे चढले काय?" बाबी ओरडला.

आबांनी हात पुढे केला. "एक पुरत नाय. दुसरी दी."

"घ्या! कपाळां दोन आसत वाटता!" मागून कोणीतरी म्हणाले.

पुन्हा हशा झाला. आबांनी शांतपणे दुसरी टिकली घेतली, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेच्या छपरावर लावली, आणि जागेवर जाऊन बसले.

शिष्येला ते लागले. आठ महिने ज्यांच्या पायाशी बसून ती शिकली, त्यांनीच तिच्या कामाची भर सभेत थट्टा करावी?

माणसे गेल्यावर ती एकटीच नकाशावर वाकली आणि तिचे डोळे चमकले. खोल समुद्र टिकल्यांनी लालेलाल झाला होता. खाडीचे तोंड लाल होते. पण प्रवाळाच्या खडकांवर, उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत, एकही टिकली नव्हती. म्हणजे ज्या जागेला विसाव्याची सगळ्यांत जास्त गरज होती, तिथे कोणी जातच नव्हते! सगळेच खडक पूर्ण बंद करावेत आणि एकाही घरची चूल अडू नये, असा योग किती जणांच्या वाट्याला येतो?

तिने तिथूनच वरिष्ठांना फोन लावला. तेही हरखले. "अख्खा खडक बंद आणि एकाचाही विरोध नाही? माझ्या नोकरीत असं पहिल्यांदा ऐकतोय. शुक्रवारी सकाळी आराखडा माझ्या टेबलावर पाहिजे."

तो मंगळवार होता.

त्या संध्याकाळी आबा पडवीत जाळ्याची फाटलेली घरे सांधत होते. ती समोर बसली.

"आबा, आज माझी थट्टा केलीत ना?"

"नाही गो बाय." तिच्याशी बोलताना आबा जपून, तिला कळेल अशा मराठीत बोलत.

"मग डोंगरावर टिकली लावलीत ती?"

"दोन लावल्या."

"बरं, दोन. एक सातविणीवर आणि एक शाळेवर. तिथे मासे असतात?"

"कुठे लावल्या ते नीट बघितलंस ना? झालं तर मग." आबांनी दोऱ्याला गाठ मारली. "उद्या उजाडताना होडी काढू."

आतून सून म्हणाली, "आबा, पाच वर्सां पाण्यात पाय घातलास नाय. गुडघ्यांका इचारलास काय?"

"गुडघे हंयच ठेवन जातंय," आबा म्हणाले. "हात घेऊन जातंय."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना दोघे वाळूत उभे होते. शेजारच्या घरातल्या दोघांनी होडीला हात लावला. होडी पाण्याला टेकणार, इतक्यात शिष्येने सहज विचारले, "आबा, आपण कुठे—"

आबांनी एकदम हात वर केला. तिचे वाक्य तोंडातच राहिले. हात लावणारे दोघे मागे सरले. आबा वळले, काठी टेकत सात-आठ पावले घराच्या दिशेने गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि जणू आत्ताच घरातून निघाल्यासारखे पुन्हा होडीपाशी आले. मगच त्यांनी होडी लोटायला सांगितली.

ती गोंधळून गेली. पण या वेळी तिने काही विचारले नाही.

पाण्यात शिरल्यावर आबांचे हात पन्नास वर्षांपूर्वीचे झाले. एक वल्हे त्यांच्याकडे होते, एक तिच्याकडे. तोंड किनाऱ्याकडे आणि पाठ समुद्राकडे करून ते वल्हवीत होते.

"पुढे नको बघू," ते म्हणाले. "मागे बघ. जमिनीकडे. काय दिसतं?"

"डोंगर. सातवीण. शाळेचं निळं छप्पर."

"सातवीण कुठे आहे?"

"छपराच्या डावीकडे. बरीच डावीकडे."

"बघत राहा."

होडी पुढे सरकली आणि तिच्या लक्षात आले की डोंगर चालतो आहे. सातवीण हळूहळू उजवीकडे येऊ लागली, घराघरांच्या डोक्यावरून, माडांच्या शेंड्यांवरून, जणू कोणी तिला हाताला धरून आणत होते. मग ती आली आणि शाळेच्या निळ्या छपराच्या बरोबर मधोमध उभी राहिली.

"आता ती तिथून हलू देऊ नकोस," आबा म्हणाले. "डावीकडे गेली तर तुझं वल्हं जोरात मार. उजवीकडे गेली तर माझं."

छपरावर झाड धरून ठेवायचे, बस. आजवर ती हातातल्या यंत्रातले आकडे बघून खडकांपर्यंत आली होती. आज प्रथमच तिने एका झाडाचा हात धरला होता. झाड आणि छप्पर एका रेषेत ठेवून ते बाहेर, आणखी बाहेर जात राहिले.

"आता पुढे बघ," आबा म्हणाले.

तिने मान वळवली आणि वल्हे थांबवले.

समोर सात होड्या होत्या. विखुरलेल्या, शांत, प्रत्येकीत एक माणूस आणि त्याच्या बोटांवर एक बारीक दोरी. खाली प्रवाळाचे खडक होते. तेच खडक, ज्यांच्यावर काल एकही टिकली नव्हती. आजवर ती बुडी मारायला ऊन चढल्यावर येई, आणि तोवर या होड्या परतलेल्या असत. सगळ्यांत जवळच्या होडीत लवू होता. तिला पाहताच त्याने खाली वाकून होडीतले पाणी उपसायला सुरुवात केली. होडी ठणठणीत कोरडी होती. तरी तो उपसत होता.

ती आबांकडे वळली. "आबा, ही सगळी माणसं काल माझ्यासमोर होती. माझ्याशी खोटं बोलली."

"बोलली."

"मी त्यांच्यासाठीच करत होते हो सगळं! शब्द दिला होता मी."

आबांनी वल्हे आत घेतले. पाणी संथ होते.

"बाय," ते म्हणाले, "होडी लोटताना मी परत का फिरलो? या किनाऱ्यावर निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून कोणी विचारत नाही. बायको विचारत नाही, आई विचारत नाही. विचारलं तर तो दिवस वाया गेला असं आम्ही धरतो. तुला ती अंधश्रद्धा वाटेल, वाटू दे. पण जागा कोणाला सांगावी लागू नये म्हणूनच ती रीत पडली असणार. बाप ही जागा मुलाला एकदाच दाखवतो, वल्हं हातात देताना. आणि तू ती एका टिकलीच्या बदल्यात मागितलीस, बाबीच्या मोठ्या जाळ्यासमोर, चाळीस माणसांत. ती तुझ्याशी खोटं बोलली नाहीत. एकमेकांपासून लपत होती. तू मध्ये उभी होतीस, इतकंच." ते थांबले. "आणि लवूची टिकली बघितलीस? त्याची छाती तुला ठाऊक आहे. तो तिथवर जाईल?"

तिने मान खाली घातली. लवूची टिकली तिने पाहिली होती. तिला ती सोयीची वाटली होती, म्हणून तिने ती नीट पाहिली नव्हती.

तेवढ्यात लवूने निघण्यासाठी दोरी ओढायला घेतली. लहान होड्यांना लोखंडी नांगर नसतो. भोक पाडलेला दगड असतो. दगड वर आला, तशी त्याच्या दोरीत अडकलेली एक पांढरीशुभ्र फांदी वर आली. प्रवाळाची. वीतभर लांब, नुकतीच मोडलेली. पाण्याखाली अशा मोडलेल्या फांद्या तिने शेकड्यांनी मोजल्या होत्या आणि त्या पर्यटकांच्या बोटींच्या नावावर लिहून ठेवल्या होत्या.

लवूने ती सोडवली. तिच्याकडे चोरून पाहिले. फांदी पाण्यात टाकावी की काय करावे हे न सुचून त्याने ती मांडीखाली सारली. मग होडी जवळ आणून तो हळूच म्हणाला, "मॅडम, काल मी लावलंय ती टिकली खोटी. ह्या बंद झाला तर माका दुसरीकडे जावूक जमाचा नाय. पण हंयचा नाव कागदार घालू नका. कागद फुटलो तर उद्या मोठी जाळी हंय येतली. मगे तुमचे खडकय जातले आणि आमीय."

तो गेला. त्याची होडी लांब जाईपर्यंत ती पाहत राहिली.

"लिहिलं तर जागा उघडी पडते," ती शेवटी म्हणाली. "नाही लिहिलं तर बंद होते. आणि तशीच सोडली तर दगडांनी मोडते. आबा, मी काय करू?"

"मी काल काय केलं?"

तिने किनाऱ्याकडे पाहिले. सातवीण अजून छपराच्या मधोमध होती.

"तुम्ही दोन टिकल्या लावल्या," ती सावकाश म्हणाली. "त्या जोडून रेघ समुद्रात वाढवली की ती... ती या खडकांवरून जाते."

"आणि माझी जागा?"

"या रेघेवर कुठेतरी."

"कुठेतरी," आबा हसले. "नेमकी कुठे, ते कळायला दुसरी रेघ लागते. तिकडच्या अंगाची. दोन्ही जिथे छेदतात, ती जागा. पन्नास वर्षं मी दोन रेघांवर जगलो. एक तुला दिली, एक माझ्यापाशी आहे. काल सभेत सगळ्यांनी पुरतं सांगितलं आणि खोटं सांगितलं. मी अर्धं सांगितलं, पण खरं. बाय, माणसाकडे त्याचं सगळं मागितलं की तो खोटं देतो. त्याचं निम्मं त्याच्यापाशी राहू दे, मग बघ."

दुपारी तिने वरिष्ठांना फोन केला. "साहेब, काल मी सांगितलं ते चुकीचं होतं. माझीच चूक. मी सर्वांसमोर जे विचारू नये ते विचारलं." "अहो, मी वर कळवून बसलोय," ते म्हणाले. "शुक्रवार काही हलणार नाही."

गुरुवारी संध्याकाळी सभागृहात पुन्हा नकाशा पसरला. जुन्या टिकल्या तिने एकूण एक काढल्या होत्या. समुद्र कोरा होता. सातवीण आणि शाळा या दोनच टिकल्या जागेवर होत्या, आणि त्यांना जोडून एक पांढरा दोरा समुद्रात लांबवर ताणलेला होता.

"परवा मी चुकले," ती उभी राहून म्हणाली. "निघालेल्या माणसाला जे विचारत नाहीत, ते मी विचारलं. आज विचारणार नाही. तुमची जागा मला नको. तुम्ही होडीत बसून जमिनीकडे बघता, तेव्हा कशावर काय धरता, त्यातली एकच जोडी सांगा. दुसरी सांगू नका. मलासुद्धा नाही."

सभागृहात कुजबुज झाली. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात बसलेल्या आबांकडे गेल्या. आबा जाळे विणत होते. त्यांनी वर पाहिलेही नाही.

लवू उठला. टेबलापाशी येऊन त्याने एक टिकली देवळाच्या कळसावर लावली, दुसरी मागच्या टेकडीच्या खिंडीत. तिने दोरा ताणला. मग दुसरा उठला: पाण्याची टाकी आणि चर्चचा क्रूस. तिसरा: जुना दीपस्तंभ आणि दोन माडांमधली फट. माणसे भराभर येऊ लागली. बाबीही आला, त्याचा दोरा खडकांना न शिवता खोल समुद्रात गेला. "बघा, माझो दोरो तुमच्या वाटेत येणा नाय," तो म्हणाला. "माका उगाच शिव्या घालू नकात."

"आज नाय घालणो," कोणीतरी म्हणाले. "उद्याचा सांगूक येणा नाय."

लवूची बायको सत्यभामा दारात उभी होती. ती म्हणाली, "वीस वर्सां संसार केलंय, पण मी कधी ‘खंय’ म्हणान इचारूक नाय. आज निम्मा कळला. निम्मा आणखी वीस वर्सांनी सांगतलो."

हशा पिकला. तो ओसरता ओसरता जो तो टेबलाभोवती आला. आता सगळे नकाशाकडे पाहत होते. लहान होड्यांचे सातही दोरे आणि आबांचा आठवा वेगवेगळ्या बाजूंनी निघून, एकमेकांना छेदत, त्याच प्रवाळाच्या खडकांवरून जात होते. एकाचीही जागा उघडी झाली नव्हती. पण आपण सारे कशावर जगतो, ते प्रत्येकाला दिसले होते.

लवू पुढे आला. त्याने खांद्यावरचा पंचा सोडला. आतून ती पांढरी फांदी काढून त्याने नकाशावर, दोऱ्यांच्या गुंत्यात ठेवली.

"ह्या माझ्या दगडान मोडला," तो म्हणाला. "काल. मी लपयलंय."

कोणी हसले नाही. मग मागून एक जण म्हणाला, "माझ्या दगडानय मोडता." आणि आणखी एक, "सगळ्यांच्याच."

"मगे थंय दगड टाकूचो नाय," लवू म्हणाला. "पण होडी बांधूची खंय?" आणि आपणच ‘खंय’, म्हणजे ‘कुठे’, म्हटले हे ध्यानात येऊन त्याने जीभ चावली.

तिथून पुढचे बोलणे शिष्येला फारसे करावेच लागले नाही. खडकांच्या मधल्या वाळूत पक्की वजने पुरून त्यांना तरंगते बोये बांधायचे, होडी त्या बोयाला बांधायची, दगड टाकायचा नाही, हे तिने सुचवले. तेव्हा एका म्हाताऱ्याने शंका काढली: बोया बघून जागा कळेल की! त्यावर सत्यभामाच दारातून म्हणाली, "मेल्यानू, होड्ये सात, तर बोये सतरा घाला. कोण खंयचो, समुद्राकय कळाचा नाय." ते एकमताने ठरले. खडकांवर फक्त हाताची दोरी आणि गळ चालेल. जाळी आणि यंत्राच्या नावा दोऱ्यांच्या पलीकडे राहतील. बाबीने थोडी घासाघीस केली आणि मान्य केले. पर्यटकांच्या बोटी बोयांनाच बांधल्या जातील.

आणि मग तिने बोट ठेवून दाखवले: खडकांच्या दक्षिण टोकाला एक तुकडा असा होता की त्यावरून एकही दोरा जात नव्हता. ही जागा खरीच रिकामी होती.

"हे पूर्ण बंद," ती म्हणाली. "कोणीच नाही. मीसुद्धा वर्षातून एकदाच बुडी मारीन."

"ह्या चलात," लवू म्हणाला. आणि जो तो मान डोलावू लागला.

शुक्रवारी सकाळी आराखडा पोहोचला. अकराच्या सुमारास वरिष्ठांचा फोन आला.

"पूर्ण बंद क्षेत्र फारच लहान झालं की हो," ते म्हणाले. "मंगळवारी सांगितलंत त्याच्या पावपटसुद्धा नाही."

"हो. पण ते पाळलं जाईल, साहेब."

"हं. आणि हे शेवटचं पान काय आहे? मला वाटतं टंकलेखनात कुठलं तरी दुसरं प्रकरण मिसळलंय." त्यांनी वाचून दाखवले: "‘डोंगरमाथ्यावरील सातवीण तोडू नये. शाळेच्या छपराचा रंग बदलायचा झाल्यास आधी गावसभेत कळवावे. देवळाचा कळस आणि चर्चचा क्रूस समुद्रावरून दिसत राहतील, अशा बेताने नवीन बांधकामास परवानगी द्यावी.’ अहो, पाण्यातल्या प्रवाळाचा आणि डोंगरावरच्या झाडाचा काय संबंध?"

ती पडवीत उभी होती. शेजारी आबा जाळे विणत होते. त्यांनी ऐकले असावे, कारण त्यांची सुई क्षणभर थांबली.

"समजावून सांगते, साहेब," ती म्हणाली. "पण फोनवर नाही. तुम्ही एकदा इकडे या. उजाडताना होडी काढू."

पुढच्या महिन्यात तिची नऊ महिन्यांची मुदत संपली. निघायच्या दिवशी पहाटेच ती वाळूवर गेली. लवू एकटाच होडी लोटत होता. तिने पुढे होऊन दुसऱ्या बाजूने खांदा लावला. होडी पाण्याला टेकली. लवूने उडी मारून वल्हे उचलले आणि तिच्याकडे पाहून तो हसला.

तिने काहीच विचारले नाही. होडी लहान होत गेली, तशी ती मागे वळली आणि डोंगरावरच्या सातविणीकडे बघत राहिली.

कुणाचे रक्षण करायला निघालो, तर त्याच्यापाशी आधी त्याचे अर्धे राहू द्यावे. उरलेले अर्धे तो खरे देतो.